आमची शाल म्हणजे होकार नव्हे

९ जुलै, बुधवार

टोलीत, आमच्या वस्तीत, पुन्हा पाणी शिरलं. कॉलेजला शिकवायला निघता निघता आईचा फोन. "चूल बुडाली. भेऊ नको, मी खाटेवर बसून हावो." भेऊ नको म्हणे! रजा टाकली, देवळीहून मिळेल ती एसटी धरली, फाट्यावर उतरून चालत गेले.

नवा रस्ता झकास. काळाभोर, मधे पांढरे पट्टे. गावातले म्हणतात नागपूरले असल्यासारखं वाटते. फक्त तो छातीएवढा उंच केलाय आणि नाल्यासाठी खाली दोन सिमेंटचे पाइप टाकून मोकळे झाले. आधी पूर रस्त्यावरून निघून जायचा. आता रस्त्याला अडतो आणि मागे वळून आमच्या गोंड टोलीत येतो. पाइपांत कापसाच्या पऱ्हाट्या, पालापाचोळा, कुणाची तरी चप्पल.

शेजारचे लक्ष्मणदादा कुमरे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पऱ्हाट्या ओढत होते. कंत्राटदाराकडे टँकर चालवतात, म्हणजे ज्याने पाइप टाकले त्याचीच भाकर खातात. म्हणाले, "संगीता, हा पाइप नाई, नरडं हाय. आवळून धरलं हाय कोणी."

आईचं पीठ गेलं, सरपण गेलं. ती हसत होती. मला हसू आलं नाही.

१३ जुलै, रविवार

इंजिनिअर साहेब आले. गाडीतून उतरताना पँट गुडघ्यापर्यंत वर केली, एवढं तरी मान्य केलं की पाणी आहे. पाइप म्हणे डिझाइनप्रमाणेच आहेत. मी म्हटलं, नाल्याने डिझाइन वाचलेलं नाही.

पूल मागितला. पूल म्हणे बजेटात बसत नाही. मग काय बसतं? तर, "मॅडम, टोलीच उचलू ना. गावाच्या पलीकडे पडीक जागा आहे, प्लॉट पाडून देतो."

पूल बसत नाही, पण टोली उठते. शाबास!

आई गोंडीत काहीतरी बोलली. साहेबांनी विचारलं, आजी काय म्हणाल्या? मी सांगितलं, चहा घेणार का विचारते आहे. ते नको म्हणाले. बरं झालं.

परत येताना फाट्यावरचा निळा फलक नीट वाचला. खाली बारीक अक्षरात: मोठ्या बँकेच्या अर्थसाहाय्याने. साऱ्या जगाची ती बँक. वर्गात दरवर्षी शिकवते, आणि ती माझ्या आईच्या चुलीपर्यंत आलीय हे मला फलकावर कळावं. (यापुढे मो.बँ. लिहीन. पूर्ण नाव लिहिण्याइतकं प्रेम उरलं नाही.)

१६ जुलै, बुधवार

बारावीला तेच प्रकरण. मो.बँ. आणि तिची बहीण असलेला तो निधी. खोटं शिकवणार नाही. युद्धात पडलेले देश यांच्याही पैशाने उभे राहिले. आपल्याकडे परकीय चलन आटलं, सोनं गहाण टाकायची पाळी आली, तेव्हा त्याच निधीने हात दिला. अट घालून दिला, पण दिला. हे मी दरवर्षी जीव तोडून सांगते, कारण खरं आहे.

मग एका मुलीने विचारलं, "मॅडम, त्या बँकेचा मालक कोण?"

सगळे देश. आपणसुद्धा.

"आपण मालक, तं मंग आपलंच आयकत काऊन नाईत?"

फळ्यावर खुर्च्या काढल्या. ग्रामसभेत माणशी एक मत. तिथे तसं नाही. ज्याचा वाटा मोठा त्याचं मत जड. दांडग्या देशांना आपापली खुर्ची, बाकीचे शेजाऱ्यांसोबत एका खुर्चीवर दाटीवाटीने. आपली खुर्चीही शेजारच्या लहान देशांसोबत आहे. आणि सगळ्यात वरची खुर्ची कायम एकाच देशाच्या माणसाला. तसा नियम कुठेच लिहिलेला नाही, नुसती रीत.

मागून आवाज आला, "आमच्या संस्थेसारखंच हाय मंग." सगळा वर्ग हसला. मीही हसले. संस्थेचे सचिव आणि त्यांचा पुतण्या (तोच रस्त्याचा कंत्राटदार) यांना हे कळलं तर माझं काही खरं नाही.

२७ जुलै, रविवार

सापडलं. मो.बँ.च्या संकेतस्थळावर आमच्या रस्त्याचा अहवाल पडून आहे. इंग्रजीत, जाडजूड. नाल्याचा उल्लेख एकदा, टोलीचा एकदा. जिथे टोली आली तिथे फोटो आहे.

फोटोत माझी आई.

हातात ओवाळणीचं ताट. समोर मो.बँ.ची गोरी बाई, खांद्यावर शाल, हातात नारळ. बाजूला सरपंच प्रकाशभाऊ, दात दाखवत. खाली लिहिलंय त्याचा मराठीत अर्थ: बाधित आदिवासी समुदाय प्रकल्पाला आपला पाठिंबा व्यक्त करताना.

पाठिंबा! अंगाची आग झाली. पुन्हा पुन्हा वाचलं. आम्ही ओवाळलं, त्यांनी होकार लिहून घेतला.

२८ जुलै, सोमवार

कॉलेज सुटल्यावर सरळ गावात, प्रकाशभाऊंकडे. ते दिवस आठवून सांगत होते. तीन वर्षांपूर्वी मो.बँ.चं पथक आलं, "सल्लामसलत" म्हणून. खरं तर टोलीच्या लोकांनी तेव्हाच पाण्याचं बोलायचं ठरवलं होतं.

"मंग बोलले काऊन नाई?"

"अवं बाई, पाहुणे आले. आधी सत्कार नाई का करा लागत? शाल, नारळ, प्रास्ताविक, मनोगत. मंग नाश्ता आला. नाश्ता झाल्यावर ते म्हणे उशीर झाला, गाडीत बसले."

आणि पाण्याचं बोलणं?

"आभारप्रदर्शनानंतर ठेवलं होतं."

कपाळावर हात मारला. ज्यांच्याशी भांडायचं त्यांना आधी शाल पांघरायची, हे फक्त आपल्यालाच जमतं. आपल्याकडे तर पाणी बंद करणाऱ्या अधिकाऱ्याचाही बदलीच्या वेळी सत्कार होतो. भाऊंना मात्र अजूनही त्यात चूक दिसत नाही. म्हणाले, रस्ता आला ना? रात्री-बेरात्री बाळंतीण सेवाग्रामच्या दवाखान्यात नेता येते ना? येते. ते मीही नाकारत नाही. रस्ता नको असं मी कधी म्हटलं? रस्त्याला पूल पाहिजे.

३ ऑगस्ट, रविवार

मो.बँ.चंच एक तक्रार पथक आहे. बँकेच्या साहेबांच्या हाताखाली नाही, थेट संचालक मंडळाला उत्तर देतं. ही सोय वर्गात कधी शिकवली नव्हती, पुस्तकात एक ओळसुद्धा नाही. नियम वाचले. बाधित दोन माणसं पुरतात. वकील लागत नाही. आधी बँकेच्या इथल्या कचेरीत सांगून पाहिलेलं असावं, ते मागच्याच महिन्यात ईमेल करून झालं, उत्तर शून्य. आणि हे वाचून तर उडालेच: तक्रार स्वतःच्या भाषेत चालते.

मग काय! मराठीत लिहिली. आईच्या ओसरीत बसून. एक वाक्य माझं, एक तिचं. "चूल बुडते" हे तिचं. "सत्कार म्हणजे संमती नव्हे" हे माझं.

सह्या दोन. एक माझी, घर माझ्याही नावावर आहे. एक आईची. नावं गुप्त ठेवता येतात, ठेवली. भीती मला नोकरीची. आईला कसलीच नाही, पण माझ्यासाठी ती गप्प राहायला तयार झाली.

२३ ऑगस्ट, शनिवार

तान्हा पोळा. टोलीतली पोट्टी लाकडी बैल घेऊन दारोदार. आईने सगळ्यांच्या हातावर काही ना काही ठेवलं. त्या गोंगाटात फोन वाजला. ईमेल. तक्रार नोंदवली गेली.

आईला सांगितलं. म्हणाली, "एवढ्या दूरच्या मानसानं मराठी वाचली?"

वाचली.

"मंग इथल्या साहेबाले काऊन वाचता येत नाई?"

१२ सप्टेंबर, शुक्रवार

बातमी फुटली. कुणी केली ते माहीत नाही, पण तक्रार झाली हे माहीत आहे. वरून इंजिनिअरांना विचारणा आली, त्यांच्याकडून कंत्राटदाराला, तिथून पानठेल्यावर. गावात एकच बोंब: टोलीवाल्यांनी तक्रार केली, आता पुढचा रस्ता अडणार, पैसा परत जाणार.

संशय लक्ष्मणदादांवर. पाइपाजवळ नेहमी तेच दिसतात म्हणून. टँकरवरून काढलं. मी त्यांच्या घरी गेले तर अंगणात दोरी वळत बसले होते. मला काहीही विचारलं नाही. म्हणाले, "ज्यानं केली त्यानं बरंच केलं."

मला कळलं, त्यांना माहीत आहे. मान खाली घालून निघून आले. हे मला जमणार नाही. माझी नोकरी वाचवायला त्यांची गेली, असं नाही चालणार.

२ ऑक्टोबर, गुरुवार

ग्रामसभा. शाळेच्या पटांगणात, सतरंज्या टाकून. हार, फोटो, भाषण सगळं यथासांग. मग प्रकाशभाऊंनी विषय काढला. गावाचं नाव बदनाम झालं वगैरे. मागून एक जण, "ज्यानं केलं त्यानं मर्द असन तं उभं राहावं."

उभी राहिले. म्हटलं, मर्द नाही, पण मी केली. लक्ष्मण कुमऱ्यांचा काडीचा संबंध नाही. मी लिहिली, मराठीत लिहिली, पाहिजे तर आत्ता वाचून दाखवते.

पिशवीतून तक्रारीची प्रत काढली.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने आई उठली. डोक्यावरचा पदर नीट केला. "दुसरी सही माही हाय."

मग जो गोंधळ झाला तो लिहिण्यात अर्थ नाही. एवढंच लिहिते: पुलाचा ठराव मी मांडला. प्रकाशभाऊ म्हणाले पुढच्या सभेत घेऊ. आई बसलीच नाही. टोलीच्या बायका एकेक करून तिच्याजवळ उभ्या राहिल्या. शेवटी हात वर करायला सांगावं लागलं. गावातल्याही काही बायकांनी केले, ज्यांच्या लेकी टोलीजवळच्या वावरात कामाला जातात त्यांनी. ठराव पास. भाऊंचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

६ ऑक्टोबर, सोमवार

प्राचार्यांनी बोलावलं. सज्जन माणूस, बिचाऱ्यांना सचिवांनी जे सांगितलं तेच बोलत होते. बारावी माझ्याकडून काढली. "प्रशासकीय कारण." त्या मुलींना खुर्च्यांचं अर्धंच शिकवून झालंय. तक्रारीतून नाव मागे घेतलं तर पुन्हा विचार होऊ शकतो, असं खिडकीकडे बघत म्हणाले.

मी म्हटलं, सर, मला हे लेखी द्या.

ते काही त्यांना देता येईना. मग चहा मागवला. प्यायले. चहाशी माझं भांडण नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

तक्रार पथक गुरुवारी येतंय. टोलीत बैठक, आणि माझंच आईशी भांडण.

मी म्हटलं, शाल नाही, नारळ नाही, ताट नाही. चहासुद्धा नाही. एकदा हात पोळलेत, पुरे.

आई म्हणे, "दारात आलेल्या मानसाले पाणी नाई पुसाचं? मंग त्यायच्यात अन् आपल्यात फरक काय राह्यला?"

"तुझ्या ताटाचा त्यांनी कागद केला, आई!"

"त्यायनं केला. म्या नाई केला."

प्रकाशभाऊही आले होते, ठरावानंतर जरा नरमलेत. वाऱ्याची दिशा बरोबर ओळखतात. म्हणाले शाली ग्रामपंचायतीच्या कपाटात पडूनच आहेत. मी असं काही पाहिलं की पुढे बोलले नाहीत.

रागारागाने देवळीला परतले. आई कधी कधी मला समजतच नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आले. पांढऱ्या केसांची एक बाई, एक तरुण माणूस, आणि भाषांतराला पुण्याची मुलगी. तिची मराठी इतकी गोड की टोलीवाले आधी लाजलेच.

आणि आई ताट घेऊन बाहेर! मी हात धरायला गेले तर बाजूला सारलं. बाईला टिळा लावला, ओवाळलं, पाण्याचा गडवा दिला. त्या तरुण माणसाने मोबाइल वर केला फोटोसाठी. मी त्याला अडवायला पुढे झाले.

तशी आई म्हणाली, "थांब बाप्पा. फोटू काढ, पण हे बी लिहून घेजो. हिले टिळा लावला, कारण ही माह्या दारात आली. हे पाहुणपण झालं. आता रस्त्याचं बोलतो, ते वेगळं हाय. रस्त्याले म्या टिळा लावला नाई."

पुण्याच्या मुलीने एकेक वाक्य सावकाश इंग्रजीत सांगितलं. पांढऱ्या केसांच्या बाईने ते लिहून घेतलं, आणि त्या मुलीकडून आईला मराठीत परत ऐकवलं, बरोबर आहे ना म्हणून.

मी कोपऱ्यात जाऊन डोळे पुसले. रडले, लिहायला लाज कसली.

मग दुपारपर्यंत बोलणं. लक्ष्मणदादांनी पाइप दाखवले. भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा दाखवल्या. बाईने विचारलं, पलीकडे प्लॉट मिळाला तर? तिथे पाणी येणार नाही. आई म्हणाली, "खरं हाय. पण आमचे गेलेले लोकं इथं हायेत. त्यायले प्लॉट कोण देईन?"

जाताना बाईने स्पष्ट सांगितलं: पूल बांधायचा हुकूम आम्ही देऊ शकत नाही. आम्ही फक्त चौकशी व्हावी की नाही ते मंडळाला सांगू. बँकेने स्वतःचे नियम पाळले का, एवढीच चौकशी. आवडलं मला. खोटी आशा दाखवली नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आईला फोन. माझं चुकलं म्हटलं. ती म्हणाली कापूस वेचायला जायचं आहे, नंतर बोल.

१९ डिसेंबर, शुक्रवार

मागच्या आठवड्यात ईमेल आला: पथकाची शिफारस चौकशी करावी अशीच. आता मंडळ. मला वाटलं होतं मोठी बैठक होईल, खुर्च्यावाले एकमेकांशी वाद घालतील. तसं काही नाही. कागद सगळ्या खुर्च्यांकडे फिरतो. ठरलेल्या मुदतीत कोणी हरकत घेतली नाही, तर मंजूर. मुदत आज संपते. तिथला दिवस संपेपर्यंत इथे उद्या उजाडेल.

संध्याकाळी टोलीत शेकोटीपाशी सगळ्यांना समजावून सांगितलं. आज बारावीचा वर्ग हाच.

लक्ष्मणदादांनी विचारलं, "हरकत कोण घेईन?"

कोणीही घेऊ शकतं. पण घेतली तर बहुतेक आपलीच खुर्ची घेईल. कर्ज आपल्या सरकारचं, चौकशी झाली तर नाक आपल्या सरकारचं कापलं जातं.

मग आई, "म्हंजे साऱ्या दुनियेतला आपला मानूस तेवढा गप बसला पायजे."

हो आई. तेवढंच.

आयुष्यभर पोरींना सांगत आले, गप्प बसू नका. आणि आज आमची सगळी भिस्त आमच्याच माणसाच्या गप्प बसण्यावर. संताप येतो. कुणी केलेत हे नियम? आम्हाला विचारून तर नाही.

पण मीही आता नियम वाचलेत. हरकत आली तर हे प्रकरण बंद होईल, आमचं तोंड नाही. नवा पुरावा असला की नवी तक्रार घेतात, आणि नवा पुरावा घेऊन नाला जूनमध्ये येणारच आहे. लक्ष्मणदादा म्हणाले, या वेळी माहीही सही. मग त्यांची बायको. मग शेकोटीभोवतीचे सगळेच. नावं गुप्त ठेवायची का विचारलं, तर हसले माझ्यावर.

कागद आणला नव्हता. वहीचं मागचं पान फाडलं. आईने हातातून पेन घेतला आणि म्हणाली, "माही सही सगळ्यात वर."